मदत हवी आहे: डबल जास्वंद कळ्या धरते, पण एकही उमलत नाही

कुंडीवाली
डोकं फिरायची वेळ आलीय, म्हणून धागा काढते आहे.

दोन जास्वंदी आहेत, शेजारी शेजारी, चौदा इंची कुंड्यांत. एक साधी लाल, पाच पाकळ्यांची. तिची कितीही हेळसांड करा, फुलतेच. दुसरी कलमी, डबल, केशरी. हिच्यावर आत्ता मोजून 11 कळ्या आहेत आणि त्यातली एकही उमलणार नाही याची मला खात्री आहे. दोन महिने हेच चाललंय. कळी टपोरी होते, टोकाला केशरी रंग डोकावतो, उद्या नक्की म्हणून मी सकाळी उठून जाते, तर बाई मातीत पडलेल्या. झाडावर असलेल्या कळीला नुसतं बोट लावलं तरी देठातून सुटून हातात येते. बुडाशी पिवळी पडलेली असते.

ऊन सहा तास. पाणी रोज सकाळी. मावा नाही. मागे पिठ्या ढेकूण झाला होता, तो ब्रशने घासून काढला, परत आला नाही. शेंड्याची कोवळी पानं तेवढी फिकट आहेत, म्हणजे शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळट. महिन्याला मूठभर शेणखत घालते. कळ्या गळायला लागल्यापासून दर आठवड्याला 00:52:34 हे फुलांचं खत पाण्यातून देते, शिवाय दर चार दिवसांनी निंबोळी तेल फवारते. फरक शून्य.

छाटून टाकू? जागा बदलू? की ही जातच अशी रडकी?

मातीकाम
छाटू नका हो! जास्वंद नव्या फुटीवर फुलते. आत्ता कात्री लावलीत तर कळ्यांसाठी परत पहिल्यापासून वाट बघावी लागेल.

ते 52 वालं मात्र आजच बंद करा, त्यातला 52 हा आकडा स्फुरदाचा (फॉस्फरसचा) आहे. जास्वंदीला स्फुरद कमी लागतं, पालाश (पोटॅशियम) जास्त. स्फुरद मातीत साठत गेलं की झाडाला लोह नीट घेता येत नाही. तुमची हिरव्या शिरांची पिवळी पानं बहुतेक त्यातलीच. कळ्या गळतात म्हणून फुलांचं खत, त्याने पानं पिवळी, पानं पिवळी म्हणून आणखी खत, हा उद्योग मी वर्षभर केलाय. दोन-तीनदा भरपूर पाणी घालून खालून वाहून जाऊ द्या, मग चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) द्या.

आणि दुपारी माती कोरडी ठणठणीत होते का? एक दिवस ताण पडला तरी जास्वंद कळ्या टाकते.

ओंजळ
पाण्याच्या ताणाने गळणाऱ्या कळ्या सहसा सगळ्या मापाच्या असतात, बारक्या हिरव्यासुद्धा. ताईंच्या नेमक्या रंगावर आलेल्या गळताहेत, त्याही बुडाशी पिवळ्या होऊन. शिवाय शेजारची लाल ठणठणीत आहे. मला वेगळाच संशय येतोय.

कुंडीवाली, एक करा. आज पडलेल्या कळ्या पांढऱ्या कागदावर ठेवून ब्लेडने उभ्या चिरा आणि मिनिटभर नुसतं बघत बसा.

कुंडीवाली
शी शी शी.

पाच चिरल्या. दोन रिकाम्या. तिघींमध्ये पाकळ्यांच्या घड्यांत पिवळसर अळ्या, तांदळाच्या कणीहून बारीक. एका कळीत आठ-नऊ तरी असतील. मी वाकून बघतेय तर एक टुणकन उडाली! अळी उडी मारते?? आतल्या पाकळ्या ओल्या, तपकिरी, चिकट झाल्या होत्या.

ओंजळ
मारते, अंगाचं वेटोळं करून झटका देते. ही कळीतली गादमाशी. माशी डासाहूनही लहान, दिसतच नाही. कळीच्या टोकात अंडी घालते, अळ्या आत बसून खातात, कळी गळते. मग अळ्या मातीत शिरून कोष करतात आणि तिथून पुन्हा माशी. अंड्यापासून माशीपर्यंत साधारण तीन-चार आठवडे. तुमचं निंबोळी तेल कळीच्या बाहेर आणि अळ्या आत, मग फरक पडणार कुठून? डबल जातींना हा त्रास जास्त होतो.

उपाय कंटाळवाणा आहे, पण तोच चालतो. पडलेली कळी मातीवर एक दिवसही राहू द्यायची नाही. झाडावरच्या बुडाशी पिवळ्या झालेल्याही तोडा. सगळं प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कचऱ्यात. कंपोस्टमध्ये अजिबात नाही, तिथे त्यांना आयती माती मिळते. वरची दोन इंच माती काढून नवी घाला. हे निदान दीड महिना न चुकता.

मातीकाम
मी पाण्यावरच अडकलो होतो, हे डोक्यातच आलं नाही. एक भर घालतो: वैतागून मुळांतून द्यायचं जालीम औषध घालू नका. ते फुलापर्यंत पोचतं आणि मधमाश्यांना बाधतं.

कुंडीवाली
11 च्या 11 काढल्या. तोडताना जिवावर आलं, दोन तर अगदी केशरी झाल्या होत्या. पिशवीला दोन गाठी मारल्यात. मातीही बदलली, जुनी वेगळ्या पिशवीत बांधून टाकली. आता लाल जास्वंदीच्या कळ्याही काढायच्या का? आणि पलीकडे मोगरा आहे, त्याला धोका?

ओंजळ
लालच्या काढू नका, फक्त गळलेली दिसली की चिरून बघा. मोगऱ्यावर मात्र नक्की लक्ष ठेवा, ही माशी त्याच्याही कळ्यांत जाते. त्याच्या जांभळट झालेल्या, न उमलता गळणाऱ्या कळ्या असतील तर त्याही पिशवीत.

कुंडीवाली
मोगऱ्याखाली चार पडल्यात. ब्लेड शोधते.