सुपारीचा खटला: कलिनाच्या फॉरेन्सिक लॅबचा रिपोर्ट सुपारी देणाऱ्यापर्यंत पोहोचतो का?

फोर्टकर (धागाकर्ता)
सत्र न्यायालयात सुपारीच्या खुनाचा खटला उभा राहिला की बातमीत एक वाक्य हमखास असतं: 'फॉरेन्सिक पुरावा भक्कम आहे.' कोणाविरुद्ध भक्कम, ते कोणी लिहीत नाही. माझं मत स्पष्ट आहे. पुंगळी (झाडलेल्या काडतुसाचं रिकामं कवच), गोळी, रक्त, डीएनए हे सगळं गोळी झाडणाऱ्यापाशी येऊन थांबतं. पैसे मोजणारा घटनास्थळी नसतोच, मग त्याचं तिथे सापडणार काय? गुलशन कुमार खटला आठवा. खून ऑगस्ट १९९७ चा. २००२ च्या निकालात एकोणीस आरोपींपैकी अठरा सुटले, एकाला जन्मठेप. १ जुलै २०२१ ला उच्च न्यायालयाने सुटलेल्यांपैकी एकाला दोषी धरलं, पण हल्लेखोर म्हणून. कट रचल्याचा आरोप असलेल्या निर्मात्याची सुटका कायम राहिली. तेव्हा सुपारीच्या खटल्यात सीए (केमिकल अ‍ॅनालायझर, म्हणजे फॉरेन्सिक लॅबच्या) रिपोर्टचं एवढं कौतुक नको.

विद्याविहारी
मारेकऱ्यापर्यंत तरी तो सरळ पोहोचतो, हे तुम्ही फार सहज धरून चाललात.

पुंगळ्या घटनास्थळ पंचनाम्यात, गोळी शवविच्छेदनात, आणि पिस्तूल बऱ्याच दिवसांनी आरोपीच्या निवेदनावरून. तीन मुद्देमाल, तीन वेगळ्या दिवशी सील झालेले. कलिनाला जप्त हत्यारातून त्याच जातीची काडतुसं कापसाच्या पेटीत किंवा पाण्याच्या टाकीत झाडतात. चाचणीतली पुंगळी आणि वादातली पुंगळी कम्पॅरिझन मायक्रोस्कोपखाली शेजारी शेजारी धरून फायरिंग पिनचा ठसा, ब्रीच फेसच्या (पुंगळीच्या बुडाला टेकणाऱ्या भागाच्या) रेघा, एक्स्ट्रॅक्टर-इजेक्टरच्या (पुंगळी ओढून बाहेर फेकणाऱ्या भागांच्या) खुणा जुळवतात. गोळी जुळवायची तर नळीला आतून आटे (पीळदार खाचा) हवेत. गावठी कट्ट्याची नळी बहुधा साधा गुळगुळीत पाइप असते आणि गोळी तिच्यात सैल बसते, त्यामुळे प्रत्येक गोळीवर सारख्या खुणा उमटतीलच असं नाही. मग रिपोर्टमध्ये गोळीबद्दल 'निश्चित मत देता येत नाही' आणि पुंगळीबद्दल ठाम मत येतं, कारण कट्ट्याची ब्रीच हाताने कानस मारून घासलेली असते. त्या ओबडधोबड रेघा दुसऱ्या कट्ट्याला यायच्या नाहीत. वर्तमानपत्रात याचाच मथळा होतो, 'रिपोर्ट फिरला'. फिरलेलं काही नसतं, अर्धाच वाचलेला असतो.

खटला खरा फुटतो तो वेगळ्याच ठिकाणी. रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर फेकत नाही, ती सिलिंडरमध्येच राहते. जप्ती रिव्हॉल्व्हरची आणि रस्त्यावर चार पुंगळ्या, असं कागदावर असेल तर मारेकऱ्याने भर रस्त्यात थांबून सिलिंडर रिकामं केलं का, हा उलटतपासातला पहिला प्रश्न. हत्यार आणि पुंगळ्या तपासायलाच पाठवल्या नाहीत तर सरकारी पक्षाचा खटला लंगडा पडतो, हे सुखवंत सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच सांगितलंय.

कुर्लाकर
हातावरच्या बारुदीचं काय मग? मालिकांत तर पट्टी लावली की कळतं.

विद्याविहारी
@कुर्लाकर, शिसं, बेरियम आणि अँटिमनी एकाच कणात सापडले तर तो कण गोळीबाराचा, हे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर चांगलं कळतं. पण चालत्या-फिरत्या माणसाच्या हातावर हे कण काही तासच टिकतात, हात धुतले की संपलं. सुपारीच्या केसमध्ये अटक होते आठवड्यांनी, तीही दुसऱ्या राज्यातून. तेव्हा घेतलेल्या स्वॅबला अर्थ नाही. तरी कण सापडलेच, तर ते पोलिसांच्या गाडीतून किंवा बेडीवरून आले का, हे विचारायला बचाव पक्ष मोकळा.

सायली_प
फोर्टकर, १९९७ चा खून घेऊन आजचं कसं ठरवता? तेव्हा सीडीआर (फोन कंपनीकडची कॉलची नोंद), चॅट, कॅमेरे यांपैकी काय होतं? आज सुपारीची साखळी फोनवरच बांधली जाते. देणारा, मध्यस्थ, रेकी करणारा, बाइकवाला, मारणारा. पाच सिम बदलले तरी आयएमईआय (हँडसेटचा स्वतःचा क्रमांक) तोच राहिला की सगळं एका ओळीत येतं.

आणि कायदा काय म्हणतो तेही बघा. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ८ (जुनं कलम १०): कट चालू असताना एकाने कटाच्या संदर्भात म्हटलेलं, लिहिलेलं दुसऱ्याविरुद्धही वापरता येतं. म्हणजे मध्यस्थाने मारेकऱ्याला पाठवलेला 'काम झालं की बाकीचे' असा मेसेज पैसे देणाऱ्याविरुद्ध जातो. फॉरेन्सिक म्हणजे फक्त बारूद आणि रक्त, ही समजूत सोडा.

फोर्टकर
सायलीताई, कलम ८ चा पहिला शब्द विसरलात. कट होता असं मानायला आधी वाजवी कारण हवं, आणि ते त्या मेसेजच्या बाहेरून यायला हवं. शिवाय अटकेनंतर बोललेलं त्यात बसत नाही.

सीडीआरमधून कळतं ते कोणत्या नंबरवरून कोणत्या नंबरला कधी, किती वेळ कॉल झाला आणि हँडसेट कोणत्या सेल आयडीवर (टॉवरच्या कोणत्या अँटेनावर) होता एवढंच. फोन कोणाच्या हातात होता आणि बोलणं काय झालं, त्याबद्दल त्यात अक्षर नाही. इंटरनेटवरून केलेला कॉल तर सीडीआरमध्ये कॉल म्हणून येतच नाही, डेटा वापरला एवढीच नोंद. सुपारी देणारा साधा कॉल करेल, इतका तो भोळा असतो का?

अण्णा गिरगावकर
वर सगळे मोठमोठं बोलताहेत. माझा अनुभव मी सांगत बसणार नाही, कागद काय बोलतो ते बघा. रक्ताने भिजलेला शर्ट जुलै महिन्यात तसाच ओला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबला तर चार दिवसांत बुरशी, मग डीएनए गेला. सावलीत वाळवायचा, कागदी पाकिटात घालायचा, पंचांच्या सह्यांचं लेबल, लाखेचं सील, सीलचा नमुना वेगळ्या कागदावर. तो नमुना आणि पाकिटावरचं सील सारखं आहे असं कलिनाने लिहिलं नसेल तर पुढचं वाचूच नका.

जप्ती आणि लॅबची पोच यांच्या मधले दिवस मोजा. तेवढे दिवस माल मुद्देमाल रजिस्टरमध्ये कोणाच्या ताब्यात होता, त्याची साक्ष झाली का? २०२५ च्या कट्टावेल्लई निकालात सर्वोच्च न्यायालयाने डीएनएचे नमुने ४८ तासांत लॅबला पोहोचवायला सांगितलंय, उशीर झाला तर कारण नोंदवायचं. मारेकऱ्याच्या हेल्मेटच्या पट्ट्यावरचा घाम मिळाला, छान झालं. पण हेल्मेट आठ दिवस ठाण्याच्या टेबलावर उघडं पडलेलं असेल तर त्या घामात आणखी किती जणांची भर पडली?

सायली_प
अण्णांशी शंभर टक्के सहमत, पण याचा अर्थ फोर्टकरांचं बरोबर असा होत नाही. उलट फोनचा पुरावा टिकवणं रक्तापेक्षा सोपं आहे. जप्त करताना फोन फ्लाइट मोडवर, पॉवर बटणाला हात लावायचा नाही, तिथल्या तिथे आयएमईआय पंचनाम्यात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ नुसार जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारकच आहे. फोनची इमेज (हुबेहूब डिजिटल प्रत) काढली की तिचा एसएचए-२५६ हॅश, म्हणजे त्या प्रतीचा अंकी ठसा. नंतर कोणी एक मेसेज जरी हलवला तर हॅश बदलतो. रक्ताच्या डागाला असली सोय नाही.

मोडतं ते तपास अधिकाऱ्याच्या उत्साहामुळे. अटकेच्या रात्री फोन चाळत बसतात, 'बघू कोणाशी बोललाय'. वापराच्या वेळा बदलतात आणि बचावाला आयतं कोलीत मिळतं.

आणि इंटरनेट कॉलचं म्हणाल, तर पैसे देणारा क्वचितच एकटा पुराव्यावर सापडतो. त्याला पकडून देतो तो माफीचा साक्षीदार. बहुतेक वेळा मध्यस्थच. त्याच्या एकट्याच्या तोंडावर शिक्षा द्यायला न्यायालयं कचरतात, महत्त्वाच्या तपशिलांना दुसरीकडून दुजोरा मागतात. तो दुजोरा सीडीआरच देतो: 'अमुक दिवशी आम्ही वाशीला भेटलो' म्हणतो, आणि त्या वेळी दोघांचे फोन वाशीतल्या टॉवरच्या एकाच सेक्टरवर (एका दिशेच्या अँटेनावर). दोन स्वतंत्र गोष्टी एकमेकींना धरून उभ्या राहतात. फॉरेन्सिक तिथे पूल बांधतं, फोर्टकर.

फोर्टकर
पूल बांधतं, पण एका टोकाला माफीचा साक्षीदार उभा आहे आणि त्याला स्वतःची मान सोडवायची आहे. पत्रकार जे. डे यांच्या खुनाच्या खटल्यात २ मे २०१८ ला छोटा राजनसह नऊ जणांना शिक्षा झाली, दोघे सुटले. कोणाविरुद्ध काय टिकलं ते आरोपीगणिक वेगळं, हेच मी पहिल्यापासून म्हणतोय. 'पुरावा भक्कम' हे सगळ्यांना मिळून म्हणायचं वाक्यच नाही.

बाकी एक खरं, जुलै २०२४ आधीपासून तपास किंवा खटला चालू असेल तर जुनाच पुरावा कायदा लागतो. वर दिलेली नवी कलमं तिथे लावू नका, पुष्कळ जण लावताहेत.

टॉवर२१
सीडीआरवर इतकी चर्चा झाली, कोणी मूळ कागदाचं बोललं नाही. खोतकर निकालानंतर (१४ जुलै २०२०, जालन्याच्या निवडणुकीचा वाद) इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राशिवाय प्रिंटआउटला किंमत नाही, हे पक्कं. खटला संपेपर्यंत ते देता येतं, त्यामुळे नुसतं 'प्रमाणपत्र उशिरा आलं' म्हणून बोंबलण्यात अर्थ नाही. नव्या कायद्यात त्याचे भाग दोन झाले: भाग अ उपकरण ताब्यात असणाऱ्याने, भाग ब तज्ज्ञाने, दोन्हींत हॅश.

वाशीच्या भेटीसारखा मुद्दा मात्र प्रमाणपत्रावर पडत नाही, तो पडतो सेल आयडीच्या यादीवर. एका टॉवरला साधारण तीन सेक्टर, प्रत्येकी १२० अंशांचा. कंपनी अँटेना फिरवते, सेक्टरची दिशा बदलते. गर्दीच्या वेळी जवळचा टॉवर भरला तर फोन पलीकडच्या टॉवरवर जातो. फोन कंपनीचा नोडल अधिकारी न्यायालयात घेऊन येतो ती यादी बहुतेकदा छापली त्या दिवसाची असते. सायली_प, तुमचा दुजोरा टिकवायचा तर त्याला विचारा: भेटीच्या तारखेला या सेक्टरची दिशा काय होती आणि त्या दिवसाची नोंद कुठे आहे? सीडीआर दोन वर्षं ठेवायचा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे. ही दिशेची नोंद मात्र पोलिसांनी कंपनीला लिहिलेल्या पहिल्याच पत्रात मागून घ्यायची असते, आणि पहिल्या पत्रात असते फक्त नंबरांची यादी.