ड्रायव्हर लहरी, बेभरवशाचा की 'बसलेला'?

मंडळी, मी घोडबंदर रोडला राहतो, घरी जुन्या पीसीवर लिनक्स टाकून फोटो नि बॅकअपसाठी सर्व्हर केलाय. आठवड्यातून दोनतीनदा त्याचं नेटवर्क कार्ड मान टाकतं, रीस्टार्ट केलं की परत शहाणं बाळ. मी म्हणतो ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, 'लहरी' आहे. आईला ड्रायव्हर म्हटलं की रिक्षावालाच दिसतो, त्यामुळे तिला शब्द एकदम पटलाय. पण नेमका शब्द कोणता?

> लहरी नको. लहरी माणसाचं कारण कोणी शोधत नाही, आलं मनात केलं. इथे कारण असतं, सापडलेलं नसतं, म्हणून 'बेभरवशाचा' बरा. पण खरी गोम क्रियापदात आहे, केबल असो राउटर असो आपण सरसकट 'नेट गेलं' म्हणून मोकळे होतो. लिंक 'पडते' तेव्हा पोर्टचा दिवा विझतो, डीमेसेजमध्ये, म्हणजे लिनक्सच्या संदेशांच्या लॉगमध्ये, 'लिंक इज डाउन' येतं, तिथे आधी केबल नि स्विचचा पोर्ट बदलून बघायचा. ड्रायव्हर 'बसतो' तेव्हा दिवा मस्त चालू पण पुढे काहीच जात नाही, लॉगमध्ये 'ट्रान्समिट क्यू टाइम्ड आउट', म्हणजे कर्नलने (लिनक्सच्या गाभ्याने) पॅकेट दिली आणि कार्डाने वेळेत पाठवलीच नाहीत. आवाज बसतो, धंदा बसतो, तसंच हे. मोडप्रोब कमांडने ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून परत घातलं तर बऱ्याचदा रीस्टार्टशिवाय उठतो, फक्त एसएसएचवरून, म्हणजे त्याच नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर बसून, करू नका राव, बसल्या फांदीवर कुऱ्हाड होईल.

दिवा चालूच असतो. म्हणजे बसतोय.

> मग पॉवर सेव्हिंगवर संशय घ्या. एएसपीएम ही वीज वाचवायची सोय चालू असली की काम नसताना कार्ड नि मदरबोर्डमधली पीसीआय एक्सप्रेसची लिंक डुलकी काढते आणि काही कार्डं त्यातून धड जागीच होत नाहीत. बूटच्या ओळीत 'पीसीआयई_एएसपीएम=ऑफ' टाकून आठवडाभर बघा. ईईई, म्हणजे केबलवरच्या लिंकचं पॉवर सेव्हिंग, ईथटूल कमांडने बंद होतं, पण ते नंतर, दोन्ही एकदम केलंत तर गुण कशाचा आला कळणार नाही.

> नेरुळहून माझे दोन पैसे. 'चालक' बसवर लिहिलेला ठीक आहे, इथे 'माहूत' म्हणा. हत्ती कितीही मोठा असो, ऐकतो आपल्याच माहुताचं. एकाच जातीच्या चिपला कधी दोन माहूत असतात, 'आर८१६९' कर्नलमधला आणि 'आर८१६८' चिपवाल्या कंपनीचा. कोणता चाललाय ते 'एलएसपीसीआय -के' ही कमांड सांगते, दुसरा लावून बघायचा तर आधीचा ब्लॅकलिस्ट करा, म्हणजे तो आपोआप लोड होणार नाही.

एएसपीएम बंद करून पाच दिवस झाले, अजून बसलेला नाही. 'माहूत' घरी सांगितला तर आई म्हणते, अरे माहुताचं कामच बसायचं, मग बसला तर बिघडलं कुठे?