नवेगावबांधकडच्या तलावात स्वतःची कयाक नेता येईल का?

वल्हेकरी, नागपूर
नमस्कार मंडळी. मी आणि माझ्या मामेभावाने हवा भरायची दोघांची कयाक (वल्ह्याची अरुंद बोट) घेतली आहे. खिंडसीच्या पाण्यात तीनदा चालवली, हात बसलाय. दिवाळीच्या सुट्टीत गोंदिया जिल्ह्यात यायचं म्हणतो. नवेगावबांध, नाहीतर अर्जुनी मोरगावकडची एखादी कमळांची दलदल. पहाटे आवाज न करता आत शिरायचं आणि सारस जवळून बघायचा, एवढीच इच्छा. परवानगी कुणाची लागते? पाण्यात काय सांभाळायचं?

सडक अर्जुनीकर
नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात येतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय पायी शिरता येत नाही, मग बोट तर दूरच. वनविभागाकडे आधी लेखी अर्ज करा. तोंडी "जा" म्हटल्यावर विसंबू नका.

ढिवराचा पोरगा, अर्जुनी मोरगाव तालुका
दादा, मी ढिवराच्या, म्हणजे मासेमाराच्या घरचा. शाळेत शिकवतो, पण सकाळी बाबांसोबत जाळं काढायला आजही जातो. आमच्या तलावावर सारसाची एक जोडी आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

दिवाळीत येऊ नका जी. सारस पावसाळ्यात पाण्यातच घरटं करतो, गवताचा ढीग रचून, कधी धानाच्या बांधीतसुद्धा. अंडी बहुतेक दोन. महिनाभर उबवायची, आणि पिल्लू उडायला त्यापुढे आणखी तीन महिने. म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरातलं पिल्लू दिवाळीत नुसतं चालतं. माणूस जवळ गेला की नर-मादी ओरडत बाजूला होतात आणि पिल्लू गवतात दबून बसतं. दोन वर्षांआधी फोटो काढणारे काही जण ट्यूबवर बसून असेच आत गेले होते. जोडी तीन दिवस त्या काठाला फिरकली नाही. ते पिल्लू आम्हाला पुन्हा दिसलं नाही. आई रोज धान निंदताना त्याला बघायची, अजून विषय निघाला की गप्प होते. महाराष्ट्रात सारस उरला तो आमच्या या पूर्वेकडच्या टोकाला, तोही मोजका. विजेच्या तारा आहेत, शेतातली फवारणी आहे. त्यात आपण भर कशाला घालायची?

कमळपक्ष्याचंही तसंच. तो पावसाळ्यात तरंगत्या पानांवर अंडी घालतो आणि नर ती उबवतो. बोटीची लाट पानावर चढली की संपलं.

आता तुमच्या कयाकीबद्दल. पिकलेल्या शिंगाड्याला काटे असतात, अनवाणी पाय पडला तर रक्त निघतं. हवा भरलेल्या बोटीचं काय होईल ते बघा. शिवाय लावलेला शिंगाडा हे कुणाचं तरी पीक असतं. पाण्यावर रिकाम्या प्लास्टिकच्या बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली जाळं आहे असं समजा. कयाकीच्या बुडाची फिन (खाली आलेली पट्टी) त्यात अडकली तर आमचं जाळं फाटतं. जाळं विणायला आणि सांधायला किती दिवस जातात ते बाहेरच्याला दिसत नाही.

गाळात पडलात तर उभं राहू नका, पाय मारू नका. वेली पायाला गुंडाळतात. पाठीवर पडून हातांनी सरका. लाइफ जॅकेट घातल्याशिवाय कमरेएवढ्या पाण्यातही जाऊ नये, माझ्या चुलत्याला असंच पाणी घेऊन गेलं.

आणखी एक. तुम्ही दलदल म्हणालात ते मनाला लागलं. हे मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी तलाव, म्हणजे पूर्वी मालगुजारांच्या (गावच्या जमीनदारांच्या) ताब्यातले. कोहळी समाजाच्या लोकांनी पाळ बांधून पाणी अडवलं, नवेगावबांधचा तर कोलू पाटलांनी अठराव्या शतकात बांधलेला. त्याच्या भोवतीच्या सात टेकड्यांना आजही सात बहिणी म्हणतात. कुणीतरी खांद्यावर माती वाहून केलेलं पाणी आहे हे.

वल्हेकरी, नागपूर
काका (दादा म्हणू का?), इतकं मनापासून लिहिलंत. पिल्लांचं खरंच ठाऊक नव्हतं. दिवाळीचा बेत रद्द. मग कधी यावं? आणि उद्यानाबाहेरच्या तलावावर कुणाला विचारायचं?

गोंदियाची पक्षीवाली
जानेवारीत या. तोपर्यंत पट्टकदंब हंस, चक्रवाक, तलवार बदकं आलेली असतात. मी दुर्बीण घेऊन पाळीवरूनच बघते. थवा एकदा उठला की सकाळचं त्यांचं चरणं मोडतं, म्हणून बोट असली तरी थव्याच्या रोखाने नेऊ नका.

ढिवराचा पोरगा, अर्जुनी मोरगाव तालुका
दादाच म्हणा. गावच्या तलावात मासेमारीचा ठेका बहुतेक ठिकाणी मच्छीमार संस्थेकडे असतो आणि तलाव जिल्हा परिषदेचा. दोघांना विचारा, सरपंचांच्या कानावर घाला.

माझं ऐकाल तर पहिल्या खेपेला कयाक गाडीतच ठेवा आणि आमच्या डोंग्यात (लाकडी होडीत) बसा. पाखरं डोंग्याला ओळखतात. बाबा रोज त्याच वाटेने जातात, वारकरी पक्षी हातभर सरकतात, बस. मागे एकाने लाल-पिवळी बोट आणली तर अर्ध्या तलावावरची बदकं उठली होती. उथळात वल्हं गाळातच जातं, तिथे आम्ही बांबू टोचतो. बांबू रुतला तर सोडून द्यायचा. धरून बसलं तर डोंगा पुढे जातो आणि माणूस पाण्यात. हे शिकायला मला एक हिवाळा लागला.

संक्रांतीनंतरचा आठवडा ठेवा. त्या दिवसांत सकाळी धुकं असतं, ते उठल्याशिवाय बाबा डोंगा सोडत नाहीत, म्हणून आठच्या आधी पाळीवर थांबावं लागेल. सारस सहसा पूर्वेच्या काठाला चरतात. तिकडे आपण जायचं नाही, मधल्या पाण्यातून बघायचं. दोघंच या. डोंग्यात चौथ्याला जागा आहे, पाचव्याला नाही.