रोमानियातील अनाथ मुलांच्या ख्रिस्ती उन्हाळी शिबिरात दोन आठवडे सेवेसाठी जावे काय?

प्रश्न : कापूसपट्टी (यवतमाळ जिल्हा)

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावी विनाअनुदानित प्राथमिक शाळेत शिकवते. वय २७ वर्षे. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) रविवारच्या उपासनेनंतर लहान मुलांचा वर्ग गेली सहा वर्षे मी घेत आहे. मंडळीशी जुना संबंध असलेल्या एका परदेशी कुटुंबाने मला रोमानियात जुलै महिन्यात भरणाऱ्या अनाथ मुलांच्या ख्रिस्ती शिबिरात स्वयंसेविका म्हणून बोलावले आहे. राहण्या-जेवणाची सोय त्यांची. विमानभाडे, व्हिसा आणि विमा माझा. सगळे मिळून खर्च दोन लाखांच्या घरात जाईल आणि त्यातील निम्मी रक्कम वर्गणीतून उभी करण्यास मंडळी तयार आहे.

निमंत्रण आले तेव्हा फार आनंद झाला, पण आता मन दोलायमान आहे. मला रोमानियन भाषेचा एक शब्द येत नाही, इंग्रजीही कामापुरतीच येते. उन्हाच्या तडाख्यामुळे विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे जुलैत जायचे तर नुकताच हाती आलेला पहिलीचा वर्ग सोडून बिनपगारी रजा घ्यावी लागेल. शिवाय ज्या मंडळीतील बहुतेक घरे कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहत वर्ष काढतात, तिच्याकडून वर्गणी घेताना हात आखडतो. आईने तर एकच प्रश्न विचारला, "आपल्या गावात का अनाथ लेकरं नाहीत वं?" त्याचे उत्तर मला देता आलेले नाही. अशा शिबिरात माझा खरोखर काही उपयोग होईल काय, आणि जाण्यापूर्वी कोणत्या गोष्टींची खात्री करून घ्यावी, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

उत्तर १ : जुना वसतिगृहवासी (वर्धा जिल्हा)

ताई, तुमचा प्रश्न शिबिराला जाणाऱ्याच्या बाजूने आहे. मी दुसऱ्या बाजूने लिहितो, कारण माझे बालपण ज्या वसतिगृहात गेले तेथे असे पाहुणे येत असत. वडील वारले तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आई रोजमजुरीला जाई, म्हणून नातेवाइकांनी मला तेथे नेऊन घातले. कागदोपत्री मी अनाथ होतो, आणि आई मात्र दर पोळ्याला शेवयांचा डबा घेऊन भेटायला येत असे. हे मुद्दाम सांगतो, कारण दोन्ही पालक गेलेले मूलच अनाथ अशी आपली समजूत असते. युनिसेफच्या व्याख्येत मात्र एक पालक गमावलेले मूलही अनाथच गणले जाते, आणि जगभरातील बालगृहांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, कधी दोघेही, हयात असतात. शेतकरी आत्महत्यांनंतर आपल्या जिल्ह्यांतून वसतिगृहांत गेलेली मुले आठवा, म्हणजे हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. रोमानियातही कामासाठी इटली-स्पेनला गेलेल्या आईबापांची मुले मागे राहतात. तेव्हा तेथे भेटणाऱ्या मुलाला "तुला कोणी नाही" असे गृहीत धरून जवळ घेऊ नका.

आमच्याकडे एका थंडीत एक तरुण पाहुणा दहा-बारा दिवस राहिला. त्याने मला तोंडाने वाजवायचा बाजा शिकवला, जेवताना शेजारी बसवून घेतले, आणि जाताना माझा हात धरून रडला. पत्र लिहीन, असे तो म्हणाला होता. पोस्टमनची सायकल फाटकाशी दिसली की मी वर्ग सोडून धावत जाई, आणि हे पुढचा पावसाळा येईपर्यंत चालले. त्याच्याविषयी माझ्या मनात राग नाही. तो खोटे बोलला असेही मला वाटत नाही. त्याच्या आयुष्यात ते दहा-बारा दिवस होते आणि माझ्या आयुष्यात ते वर्ष होते, एवढाच फरक. त्यानंतर जे पाहुणे आले त्यांच्याशी मी फार गोड वागत असे, पटकन गळ्यात पडत असे, कारण तसे केले की चॉकलेट आणि फोटो मिळतात हे कळले होते. ज्या मावशींनी सतरा वर्षे आमच्या डोक्याला तेल लावले, त्यांचा मात्र कोणी फोटो काढला नाही.

म्हणून माझे म्हणणे इतकेच की तुम्ही मुलांच्या आई व्हायला जाऊ नका, मावशींच्या मदतनीस व्हायला जा. तेथे वर्षभर मुलांजवळ राहणारी माणसे शिबिरात येणार आहेत काय, हे पहिल्याच पत्रात विचारा. ती येणार नसतील, आणि मुले केवळ पाहुण्यांच्या हवाली केली जाणार असतील, तर जाऊ नये.

उत्तर २ : परतवाड्याची परिचारिका

मी अशा शिबिराला दोन वेळा गेले आहे, तेही रोमानियालाच, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वरील दादांचे बोलणे मला पटते. तरीही जाऊच नये असे माझे मत नाही.

तेथील पार्श्वभूमी ठाऊक असलेली बरी. हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, घरोघरी न पेलणारी मुले झाली, आणि डिसेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत होती. पुढे बुखारेस्टमध्ये चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी संस्थांतील १३६ बालकांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निम्म्या बालकांची निवड करून त्यांना पालक कुटुंबांत, म्हणजे परक्याचे मूल सांभाळायला घेणाऱ्या घरांत, ठेवले, तेव्हा वयाच्या साधारण दोन वर्षांच्या आत घर मिळालेली मुले बुद्धी आणि जिव्हाळा या दोन्ही बाबतींत पुष्कळ सावरलेली दिसली. २००४ च्या कायद्याने तर दोन वर्षांखालील मुलांना संस्थेत ठेवण्यावरच निर्बंध आले. मोठी अनाथालये आता बहुतांशी बंद झाली असून मुले पालक कुटुंबांत किंवा लहान घरांत राहतात. त्यामुळे डोळ्यांसमोर लोखंडी पाळण्यांच्या रांगा घेऊन जाल, तर तेथे मोबाईल हातात असलेला, तुमच्यावर डाफरणारा चौदा वर्षांचा मुलगा पाहून गोंधळून जाल.

माझे काम काय होते? सकाळी नाश्त्यापूर्वी, कोणाच्या लक्षात येणार नाही अशा बेताने, रात्री ओल्या झालेल्या चादरी उचलून धुवायला टाकणे. डोंगरातील गवतातून खेळून आल्यावर प्रत्येक मुलाच्या कानामागे आणि गुडघ्यामागे गोचीड चिकटली आहे काय ते पाहणे, कारण तिच्यामुळे लाइमचा आजार होतो. एक बारा वर्षांची मुलगी रोज उशीखाली पाव दडवून ठेवत असे. तो काढून न घेता रोज ताजा ठेवू द्यायचा, असे तिच्या घरातील काळजीवाहू बाईंनी आम्हांला सांगितले होते. या कामांना भाषा फारशी लागत नाही. भाषा येत नाही म्हणून लाजू नका, मात्र मुलांच्या मनातले काढून घेण्याचा प्रयत्नही करू नका. दुभाष्यामार्फत कोणाचे दुःख उकरणे हे स्वयंसेवकाचे काम नव्हे.

पहिल्याच दिवशी जे मूल धावत येऊन बिलगते, त्याला तुमचा लळा लागला असे समजू नका. अनोळखी माणसाला इतक्या सहज बिलगणे ही संस्थेत वाढलेल्या मुलांतील ओळखीची खूण आहे. अशा वेळी त्याचा हात हळूच धरून त्याला त्याच्या बाईंकडे न्यावे.

शेवटच्या संध्याकाळी एका मुलाने मला विचारले, "माय वी ला आनुल?" 'माय' ऐकून मी दचकले. पुढे कळले की तिकडे त्याचा अर्थ 'पुन्हा, आणखी' असा होतो आणि तो विचारत होता, पुढच्या वर्षी पुन्हा येशील काय? मी "ठाऊक नाही" हे दोन शब्द रोमानियनमध्ये विचारून घेतले आणि तेच उत्तर दिले. त्याचा चेहरा पडला. तरी दुसरे उत्तर देण्याचा मला अधिकार नव्हता. पुढच्या वर्षी मी गेले तेव्हा त्याने ओळख दाखवली नाही. तिसऱ्या दिवशी मात्र चेंडू माझ्याकडे फेकला.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगते. रोमानिया आता पूर्णपणे शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे, त्यामुळे व्हिसाची फी ९० युरो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. निमंत्रणपत्रात स्वयंसेवेचा उल्लेख स्पष्ट असू द्या. पर्यटक म्हणून जाऊन शिबिरात काम करण्याची पळवाट कोणी सुचवल्यास नकार द्या. पासपोर्ट कार्यालयातून पोलीस पडताळणीचा दाखलाही काढावा लागेल. तो शिबिराच्या आयोजकांनी मागितलाच नाही, तर उलट काळजी करावी, कारण जी संस्था माझी चौकशी करीत नाही ती इतर कोणाचीही करीत नसणार.

उत्तर ३ : निवृत्त पाळक (अमरावती)

कन्ये, दोन गोष्टी लिहितो, आणि पहिली कदाचित तुला आवडणार नाही. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत वऱ्हाडात आणि मध्य प्रांतात मिशनऱ्यांनी उपाशी मुले गोळा केली. आपल्या मंडळ्यांतील कित्येक घराण्यांचा मूळपुरुष त्या अनाथालयांतच वाढला आहे. मात्र त्या मिशनऱ्यांपैकी पुष्कळांनी मराठी शिकून येथे आयुष्य काढले आणि काहींच्या कबरीही येथेच आहेत. त्यांचे सर्वच मला मान्य आहे असे नाही, पण दोन आठवड्यांच्या सेवेला त्यांच्या सेवेच्या पंक्तीला बसवू नये. बायबलमधील याकोबाच्या पत्रात अनाथांचा 'समाचार घेणे' म्हटले आहे, आणि समाचार एकदाच घेऊन भागत नाही.

वर्गणीविषयी आईचे ऐक. राज्याच्या बालसंगोपन योजनेत एका मुलासाठी दरमहा २,२५० रुपये मिळतात, म्हणजे वर्षाला २७,००० रुपये. तुझ्या दोन लाखांत एका मुलाची सात वर्षे निघतात. ही तुलना थोडी अन्यायाची आहे, हे मला कळते. तरी तुझ्या तालुक्यात बाप गेलेल्या किती मुलांचे अर्ज कागदाअभावी अडले आहेत, हे पाहण्यास विमानभाडे लागत नाही. तू स्वतःच्या बचतीतून गेलीस तर माझा आशीर्वाद आहे. मंडळीची वर्गणी मात्र घेऊ नकोस.

दुसरी गोष्ट श्रद्धेची. गीत, गोष्ट, प्रार्थना हे सर्व शिबिरात असावेच. परंतु "प्रभूला स्वीकारले त्यांनी हात वर करा" असे मुलांना सांगितले जात असेल तर तू त्यात सहभागी होऊ नकोस. आसरा देणाऱ्यांच्या मर्जीवर ज्याचे दिवस अवलंबून आहेत, ते मूल हात वर करणारच. चाळीस वर्षे पाळकत्व केल्यानंतर हे लिहितो आहे.

प्रश्नकर्ती : कापूसपट्टी

तिघांचेही मनःपूर्वक आभार. दादा, तुमचे उत्तर मी आईला वाचून दाखवले. पोस्टमनच्या सायकलीपाशी तिने मला थांबवले आणि बराच वेळ ती काही बोलली नाही.

मी आयोजकांना तीन प्रश्न लिहून पाठवले. मुलांची नेहमीची माणसे शिबिरात असतात काय, या प्रश्नाला होकारार्थी उत्तर आले. प्रत्येक लहान घराबरोबर तेथील एक काळजीवाहू येते. मुलांचे फोटो काढण्यास मनाई असून पोलीस पडताळणीचा दाखला आणि शिबिरापूर्वी तीन दिवसांचे प्रशिक्षण सक्तीचे आहे, हेही त्यांनी कळवले. मला एकदाच बोलावणार की पुढील वर्षांतही त्याच मुलांसोबत काम देणार, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र आलेले नाही. पाळकसाहेब, वर्गणी घेणार नाही, असे मंडळीला कळवले आहे. काही जणांना वाईट वाटले, एक काका तर रागावलेच. माझ्या बचतीत आज भाड्यापुरते पैसे नाहीत, त्यामुळे होकार आला तरी यंदाचा जुलै बहुधा पहिलीच्या वर्गातच जाईल. पडताळणीच्या दाखल्याची ५०० रुपये फी भरण्याचेही तूर्त थांबवले आहे. तिसरे उत्तर आले की ठरवीन.