मदत हवी आहे : एकच माठ, तिघांची तीन मापं. रोज नेमकं किती पाणी प्यावं?

अकोल्याची_सून

नमस्कार. जाणकारांनी, विशेषतः ज्यांच्या घरी हृदयाचा पेशंट आहे त्यांनी, कृपया वाचून सांगावं.

आम्ही अकोल्याला राहतो. मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, दुपारी कूलरची हवासुद्धा गरम लागते. सासूबाई ७१ वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं पंपिंग कमी झाल्याचं निघालं. तेव्हापासून लघवीची गोळी, बीपीची गोळी आणि जेवणात मीठ कमी. पाणी मोजून द्या, असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. आम्ही ते ऐकलं आणि विसरलो.

गेल्या उन्हाळ्यात नातेवाइकांच्या ग्रुपवर मेसेज आला : ऊन लागू नये म्हणून दिवसाला ४ लिटर पाणी प्या, तहानेची वाट बघू नका. नणंदबाई रोज फोन करून विचारायच्या, आई पाणी प्यायली का. मीही तासातासाला तांब्या भरून उशाशी ठेवत होते. चौथ्या दिवशी सासूबाई सुस्त पडल्या, मळमळ सुरू झाली. संध्याकाळी मला त्यांच्या वारलेल्या बहिणीच्या नावाने हाका मारायला लागल्या. आम्हाला वाटलं ऊनच लागलं. तळपायांना कांदा चोळला आणि आणखी पाणी पाजलं. दवाखान्यात रक्त तपासलं तर सोडियम ११८. ते १३५ ते १४५ असायला हवं म्हणे. पाच दिवस आयसीयूत होत्या. आता बऱ्या आहेत, पण ते पाणी मी माझ्या हाताने पाजलं होतं, हे मनातून जात नाही.

आता दिवसाला दीड लिटर अशी सक्त ताकीद आहे. यजमानांना मार्चमध्ये मुतखडा निघाला, त्यांना ‘भरपूर पाणी प्या’ एवढंच सांगितलंय. भरपूर म्हणजे किती? आणि माझं उलटंच. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, सकाळी निघाल्यापासून घरी येईपर्यंत जेमतेम दोन पेले पाणी पोटात जातं. वर्षात तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं.

दीड लिटरमध्ये चहा, ताक, वरण धरायचं का? एवढ्या उन्हात दीड लिटर पुरतं का? मला झोपेतही तांब्याच दिसतो, म्हणून विचारते.

कडुनिंब

ताई, आधी एक. तुम्ही पाणी पाजलंत ते काळजीपोटी. आमच्या घरी हेच बाबांच्या बाबतीत होता होता वाचलं.

रोज ८ ग्लास हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. अमेरिकेतल्या अन्न व पोषण मंडळाने १९४५ मध्ये मोठ्या माणसासाठी दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी लागतं असं म्हटलं होतं. त्याच्या पुढचंच वाक्य असं, की यातलं बरंचसं पाणी तयार अन्नातूनच मिळतं. ते पुढचं वाक्य गळालं आणि आकडा तेवढा फिरत राहिला, असं यावर लिहिणारे सांगतात. आपल्याकडे तर वरणभात, कढी, आमटी, भाजीचा रस, सगळ्यातच पाणी. काकडी, कलिंगड तर नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच.

फिजिशियन_सातारा

मी फिजिशियन आहे. इथे लिहिलेलं तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी धरू नये, पण फोन करताना काय विचारायचं ते यातून कळेल.

सासूबाईंचं आधी. शरीरात मीठ तेवढंच राहिलं आणि पाणी वाढत गेलं, की रक्तातला सोडियम पातळ होतो. मग पाणी पेशींमध्ये शिरतं. मेंदूला सूज आली की माणूस सुस्त होतो, असंबद्ध बोलतो, झटकेही येऊ शकतात. निरोगी किडनी जास्तीचं पाणी बाहेर टाकते. पण वय, कमजोर हृदय आणि लघवीच्या काही गोळ्या, यांच्यामुळे ती ताकद खूप कमी होते. त्यात जेवण कमी आणि अळणी. म्हणून दुसऱ्याला पचणारे ४ लिटर त्यांना पचले नाहीत. उन्हाळ्यात म्हाताऱ्या माणसाची शुद्ध हरपली तर ऊन लागलं असेल किंवा सोडियम घसरला असेल, घरी बसून फरक कळत नाही. त्यामुळे बेशुद्धीकडे झुकलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, गाडी काढावी.

दीड लिटरमध्ये जे जे पातळ आहे ते सगळं धरायचं : पाणी, चहा, दूध, ताक, पन्हं, पातळ वरण, गोळ्या घेताना प्यायलेला घोट, बर्फ. भात, भाकरी, फळांतलं पाणी सहसा मोजत नाहीत, पण कलिंगडाची परातच्या परात खाल्ली तर ते धरावं लागेल.

४५ अंशांत दीड लिटर पुरेल का, हा प्रश्न अगदी बरोबर आहे. हा आकडा बारा महिने तोच राहावा असं काही नाही. घाम खूप जात असेल तर लघवीची गोळी तीच ठेवून शरीर कोरडं पडू शकतं. उठताना चक्कर, जीभ कोरडी, लघवी खूप कमी, वजन उतरतंय, असं काही दिसलं तर डॉक्टरांना फोन करा. ते गोळी कमी करतील किंवा पाणी थोडं वाढवतील. आपण होऊन दोन्हीपैकी काही करू नका. उलट बाजूने, तीन दिवसांत वजन २ किलोहून जास्त वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर दम लागला, तर पाणी साठतंय. यासाठी रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाच्या आधी वजन करून वहीत लिहायचं. उन्हाळ्यात मला या वहीचा सगळ्यात जास्त भरवसा वाटतो.

शहाळं आणि ओआरएस सासूबाईंना डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. शहाळ्यात पोटॅशियम बरंच असतं आणि हृदयाच्या काही गोळ्यांनी तो आधीच वाढलेला असतो. ओआरएसमध्ये मीठ असतं. ही पुडी जुलाबात जीव वाचवते, पण ती सगळ्यांसाठीचं सरबत नाही.

यजमानांनी पेले मोजू नयेत, लघवी मोजावी. मुतखडा परत होऊ नये म्हणून दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला हवी. सुट्टीच्या दिवशी पाच लिटरच्या कॅनमध्ये २४ तासांची लघवी साठवून बघा. थंडीत तीन लिटर पिऊन जे जमतं, त्याला अकोल्याच्या मे महिन्यात चार लिटरही कमी पडतील, कारण बराचसा वाटा घामावाटे जातो. झोपताना एक पेला, रात्री लघवीला उठले तर आणखी एक. लिंबूपाणी चांगलं, मीठ न घालता. आणि खडा कॅल्शियमचा आहे म्हणून दूध-दही बंद करू नका, तो गैरसमज आहे.

तुमच्यासाठी : २०१८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया त्यात होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी नेहमीपेक्षा रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायलं, तर वर्षभरात त्यांची इन्फेक्शन जवळपास निम्म्यावर आली. तुम्हाला हृदयाचा, किडनीचा त्रास नसेल तर हा सल्ला तुम्हाला लागू आहे. लघवी फिकट पिवळी असावी. बी व्हिटॅमिनच्या गोळ्या घेत असाल तर मात्र रंगावर जाऊ नका.

गोदाकाठ

आमच्या वडिलांना चार वर्षं पाण्याचं बंधन आहे. घरातलं सांगते. सकाळी दीड लिटरची एक बाटली भरायची. त्यांनी चहा घेतला की चहाएवढं पाणी बाटलीतून काढून कुंडीत ओतायचं, ताक घेतलं की तसंच. रात्री बाटली रिकामी, हिशेब संपला. वाद होत नाहीत, कारण बाटली त्यांच्या डोळ्यांसमोर असते. आधी मी ‘आता बास’ म्हणायचे, ते त्यांना लागायचं.

तांब्या काढून टाका, छोटं फुलपात्र ठेवा आणि ते एकदा मापून घ्या. आमच्यात १२० मिली बसतं. फार तहान लागली तर आधी चूळ भरायची, मग दोन घोट. दीड लिटरमधलंच थोडं पाणी लिंबू पिळून बर्फाच्या ट्रेमध्ये ठेवायचं, एक खडा चघळायला बराच वेळ पुरतो. लोणचं-पापड बंद केल्यावर तहान खरंच कमी झाली. शुगर वाढलेली असली तरी तहान लागते, तीही तपासून घ्या.

खडूफळा

मीही शिक्षिका, मराठवाड्यात. ताई, तुम्ही पाणी का पीत नाही हे लिहिलं नाहीत, पण मला कळलं. आमच्या शाळेत बायकांच्या स्वच्छतागृहाला कडी नव्हती आणि आत पाणी नव्हतं. अकरा वर्षं मी शाळेत पाणी प्यायले नाही. माझ्या वर्गातल्या मुलीही पीत नव्हत्या, त्यांची डोकी दुखायची आणि आम्ही म्हणायचो, नाष्टा करून येत नाहीत. किती लिटर प्यायचं हे कुणीही सांगतं. प्यायल्यावर जायचं कुठे, हे कुणी विचारत नाही.

आम्ही शाळा व्यवस्थापन समितीत विषय लेखी मांडला. कडी, बादली आणि नळ, तिन्ही चार महिन्यांत झालं. केरळच्या शाळांमध्ये २०१९ पासून पाणी पिण्याची वेगळी घंटा होते, ते वाचून आम्हीही दोन घंटा सुरू केल्या. घंटा झाली की मुलींसोबत मीही बाटली उघडते.

अकोल्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. डॉक्टर, आज फोन केला. सासूबाईंची लघवीची गोळी मे संपेपर्यंत अर्धी केली आहे, पाणी दीड लिटरच, आणि आठ दिवसांनी परत सोडियम तपासायचं आहे. बाटली कालपासून सुरू केली. त्यांनी स्वतःच पेनाने तिच्यावर चहाच्या खुणा केल्या. फुलपात्रात ११० मिली बसतं.

खडूफळा ताई, तुमचं बरोबर आहे, कारण तेच होतं. आमच्याकडे कडी आहे, पण किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलावर असते आणि दर वेळी सगळ्यांसमोर मागावी लागते. तुमच्या अर्जाचा मजकूर मिळेल का? सोमवारी समितीची सभा आहे.