बेडकाला भिंतीवर आपटणारी राजकन्या मुलांना सांगावी की नाही?

पानगळ (मूळ धागा)

ग्रिम बंधूंच्या लोककथासंग्रहाचा पहिला खंड १८१२ साली निघाला आणि त्यातली पहिलीच कथा बेडूकराजाची होती. विहिरीतला बेडूक राजकन्येच्या घरी येतो, ती त्याचा मुका घेते आणि त्याचा राजपुत्र होतो, अशी ही कथा आपल्यापैकी अनेकांच्या कानांवर पडलेली असते. परंतु १८५७ पर्यंत ग्रिम बंधूंनी स्वतः काढलेल्या सातही आवृत्त्यांत तो मुका कुठेच नाही. तिथे राजकन्या बेडकाला उचलून सगळा जोर लावून भिंतीवर आपटते, आणि त्यातूनच त्याचा राजपुत्र होतो.

मुलांना हीच कथा सांगावी, असे माझे ठाम मत आहे. लिंडेनच्या झाडाखालच्या विहिरीत पडलेला सोन्याचा चेंडू काढून देण्याच्या बदल्यात बेडूक काय मागतो ते पाहा. कपडे, मोती, मुकुट यांपैकी त्याला काहीही नको असते. त्याला तिच्या शेजारची जागा, तिच्या ताटातला घास, तिच्या पेल्यातला घोट आणि तिच्या बिछान्यात झोपायला मिळावे, एवढेच हवे असते. थोडक्यात, तो एका घरात जागा मागत असतो. पाण्यात राहणारा बेडूक माणसाचा सोबती कसला होणार, असे मनाशी म्हणत ती होकार देऊन मोकळी होते. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी तो संगमरवरी पायऱ्यांवरून चपक् चपक् करत वर येतो, ती दार उघडून तसेच लावून घेते, आणि धडधडत्या छातीने ताटावर येऊन बसलेल्या मुलीला राजा विचारतो की दाराशी एखादा राक्षस तर आला नाही ना. दिलेला शब्द पाळावाच लागेल, अशी त्याची आज्ञा होते. त्यानंतरचे वाक्य मला साऱ्या कथेत सर्वांत खरे वाटते: बेडूक चवीने जेवतो, तिच्या मात्र जवळजवळ प्रत्येक घास घशात अडकतो. घरात नवे कोणी आले आणि सगळ्यांनी ‘प्रेमाने वाग’ म्हणून बजावले, की मुलाच्या पोटात नेमके हेच होते. मूळ कथा ही किळस लपवत नाही. मुका तिच्यावर पांघरूण घालतो.

आडवाट

मी सर्वस्वी असहमत आहे. तुम्ही बेडकाला निराधार पाहुणा करून टाकले आहे, पण कथेतला बेडूक तसा नाही. रात्री तिच्या खोलीत आल्यावर तो म्हणतो, ‘मला वर घे, नाही तर तुझ्या वडिलांना सांगेन.’ ही विनवणी नसून सरळ धमकी आहे. विहिरीच्या काठावर रडत बसलेल्या मुलीकडून अडचणीच्या क्षणी काढून घेतलेला होकार, तो पाळून घेण्यासाठी उभे असलेले वडील, आणि अखेरीस भिंतीवर आपटण्याचे फळ म्हणून मिळालेला नवरा, यांपैकी कोणती गोष्ट आपण लहान मुलांच्या हाती द्यावी असे तुम्हाला वाटते?

शिवाय सौम्य रूप म्हणजे नंतर कोणी लावलेली साखर, असे तुम्ही सुचवता, तेही पुरते बरोबर नाही. ग्रिम बंधूंच्याच १८१५ च्या दुसऱ्या खंडात ‘बेडूकराजपुत्र’ नावाची वेगळी कथा होती. तीत बेडूक तीन रात्री मुलीच्या बिछान्यावर झोपतो आणि नंतर राजपुत्र होतो, कोणी कोणाला आपटत नाही. १८१९ च्या आवृत्तीतून ती वगळली गेली, तरी एडगर टेलर यांनी १८२३ च्या इंग्रजी अनुवादात बेडकाचा शेवट तसाच सौम्य ठेवला. म्हणजे मुका नसलेले आणि मारहाणही नसलेले जुने रूप उपलब्ध आहे. मी मुलांना तेच सांगेन.

मधलीसुट्टी

राजाला जुलमी ठरवण्याची घाई करू नये, असे वाटते. ती बिछान्याच्या विचाराने रडू लागते, तेव्हा तो रागावून म्हणतो की अडचणीत ज्याने मदत केली त्याला नंतर तुच्छ लेखू नये. ज्याच्याकडे वचन वसूल करण्याची ताकद नाही, त्याला दिलेले वचनच आधी पाळायला हवे, हे मुलांना सांगण्यासारखे आहे.

पानगळ

आडवाट, १८१५ च्या कथेचा मुद्दा मला मान्य आहे. सौम्य रूप नंतरचे आहे असा माझ्या लिहिण्यातून अर्थ निघत असेल, तर ती माझी चूक. पण त्या कथेतल्या मुलीच्या मनात काय चालले आहे, हे आपल्याला फारसे कळत नाही. भिंतीच्या कथेत ती बेडकाला दोन बोटांनी धरून वर नेते आणि खोलीच्या कोपऱ्यात ठेवते. वडिलांची आज्ञा मोडायची नाही आणि पाळायचीही नाही, ही लहान मुलांची नेहमीची तडजोड त्या कोपऱ्यात दिसते. धमकी येते ती त्यानंतर, आणि तुम्ही म्हणता तसा तो जुलूमच आहे. म्हणूनच तिचा नकार मला हवा आहे. आपटणे हा त्या मुलीने कोणाच्याही सांगण्यावाचून केलेला पहिला व्यवहार आहे. तो काढून घेतला, तर उरते ती निव्वळ आज्ञाधारक मुलगी.

मधलीसुट्टी, राजाचे वाक्य मोलाचे आहे, पण ते ज्या क्षणी उच्चारले जाते तो क्षणही पाहा. कृतज्ञता जेवणाच्या ताटापर्यंत मागता येते; बिछान्यापर्यंत ती मागणाऱ्या बापाशी माझे भांडण आहे.

आडवाट

नकार मलाही हवा आहे, पण ती तो तोंडाने का देत नाही? स्कॉटलंडकडच्या एका कथेत बेडूक मुलीला स्वतःचे डोके उडवायला सांगतो आणि मग राजपुत्र होतो. तिथे आघात आहे, पण राग नाही, कारण मागणी त्याची आहे. शाप रागाने सुटतो हा तुमचा निष्कर्ष एकाच रूपावर उभा आहे.

जुनीवही

तुम्ही दोघेही हाइनरिशला विसरलात. कथेचे मूळ नाव ‘बेडूकराजा किंवा लोखंडी हाइनरिश’ असे आहे. हाइनरिश हा त्या राजपुत्राचा सेवक. धनी बेडूक झाला तेव्हा दुःखाने आपले काळीज फुटू नये म्हणून त्याने छातीभोवती लोखंडाचे तीन पट्टे बसवून घेतले होते. सकाळी तो आठ पांढऱ्या घोड्यांची गाडी घेऊन येतो आणि वाटेत मागून तीनदा कडाड् असा आवाज होतो. गाडी मोडली असे राजपुत्राला वाटते. प्रत्यक्षात ते पट्टे तुटत असतात.

बेडूक घर शोधत होता असे म्हणायचे, तर त्याच्यासाठी जागा राखून ठेवणारे माणूस आधीपासूनच होते आणि त्या जागेचे ओझे ते छातीवर वागवत होते. मुलांसाठी केलेल्या छोट्या रूपांतून पहिल्यांदा गळतो तो हाच माणूस. भिंत ठेवावी की काढावी यावर माझे मत अजून पक्के झालेले नाही, पण माझ्या नातीला मी ही कथा सांगतो, तेव्हा ती भिंतीबद्दल एकदाही विचारत नाही. तिसरा पट्टा तुटल्यावर हाइनरिशला दुखले का, हे मात्र ती दर वेळी विचारते.