सरकारी रुग्णालयातील केसपेपर आणि वॉर्डाचे आकडे: माहिती अधिकारात नेमके काय व कसे मागावे?

वाडीकर, बडोदा

नमस्कार. या वर्षी उन्हाळ्यात माझ्या वडिलांना बडोद्यातील एका सरकारी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ठेवले होते आणि तेथेच त्यांचे निधन झाले. उपचारांत हलगर्जी झाली असा आरोप करण्यासाठी मी हे लिहीत नाही; तसे म्हणण्याइतकी माहितीच माझ्यापाशी नाही, आणि खरी अडचण तीच आहे. त्यांना रात्री व्हेंटिलेटरवर घ्यायचे ठरले तेव्हा विभागातील दोन यंत्रांवर पांढरी चिकटपट्टी लावून पेनाने ‘बंध छे’ असे लिहिलेले होते, आणि वरच्या मजल्यावरून तिसरे यंत्र येईपर्यंत एक सिस्टर हाताने अँबू बॅग, म्हणजे श्वास देण्याची पिशवी, दाबत उभ्या होत्या. त्यांच्याविषयी आमच्या मनात कृतज्ञताच आहे.

नंतर आईच्या सहीने केसपेपर मागितला, तर ‘आरटीआय करा’ असे तोंडी सांगण्यात आले. म्हणून २० रुपये शुल्क भरून गुजरातीत अर्ज केला. त्यात वडिलांच्या संपूर्ण इनडोअर केसची प्रमाणित प्रत, गेल्या वर्षभरात त्या विभागातील व्हेंटिलेटर किती काळ बंद होते याची माहिती, आणि त्याच काळातील दरमहाचे मृत्यू, रुग्णांची वये व मृत्यूची कारणे असे सर्व एकत्र मागितले. उत्तर एका परिच्छेदात आले: माहिती वैयक्तिक स्वरूपाची असल्याने कलम ८(१)(जे) अन्वये देता येत नाही, व उर्वरित माहिती मागितलेल्या नमुन्यात उपलब्ध नाही.

हा नकार कायद्याला धरून आहे का? आणि अशी आकडेवारी सरकारने मागण्याची वाट न पाहता स्वतःहून जाहीर करावी, असे बंधन कोठे आहे का?

रावपुऱ्यातील वकील

आपल्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले. नकाराचे दोन भाग आहेत आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी कच्चे आहेत. मात्र एकाच अर्जात सर्व मागितले गेल्यामुळे माहिती अधिकाऱ्याला एकाच वाक्यात दोहोंवर पाणी फिरवणे सोपे गेले.

केसपेपरसाठी मुळात माहिती अधिकाराच्या वाटेने जाण्याचे कारण नव्हते. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेप्रमाणे आंतररुग्णाची कागदपत्रे उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपून ठेवावी लागतात, आणि रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यास तिची पोच देऊन ७२ तासांच्या आत ती द्यावी लागतात. ‘आरटीआय करा’ हे उत्तर म्हणजे ७२ तासांचे काम ३० दिवसांवर ढकलणे होय. आईच्या नावे वैद्यकीय अधीक्षकांना साधा अर्ज करा, त्यात या नियमाचा उल्लेख करा, नातेसंबंधाचा पुरावा व मृत्यूचा दाखला जोडा आणि आवक शाखेचा शिक्का मारलेली स्थळप्रत घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.

आता कलम ८(१)(जे) विषयी. पूर्वी या कलमात वैयक्तिक माहिती नाकारण्यासाठी अटी होत्या: तिचा सार्वजनिक कामकाजाशी संबंध नसला पाहिजे, किंवा ती दिल्याने खासगीपणावर अकारण आक्रमण होत असले पाहिजे, आणि त्यातही व्यापक जनहित दिसल्यास ती देता येत असे. जी माहिती संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असे परंतुकही होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हे सारे काढून टाकून केवळ ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द ठेवले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ही दुरुस्ती अमलात आली. तेव्हापासून हे कलम जवळजवळ रबरी शिक्क्यासारखे वापरले जात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. तरीही कलम ८(२) शाबूत आहे, म्हणजे जनहित हानीपेक्षा मोठे असेल तर माहिती देता येते; आणि कलम १० प्रमाणे न देण्याजोगा भाग झाकून उरलेला भाग देता येतो. शिवाय स्वतःच्या उपचारांचा अभिलेख मिळणे हा रुग्णाचा हक्क आहे, असे केंद्रीय माहिती आयोगाने २०१४ मध्येच म्हटले आहे. तो निर्णय गांधीनगरच्या राज्य आयोगावर बंधनकारक नाही, पण अपिलात मांडण्यासारखा नक्कीच आहे.

पहिले अपील ३० दिवसांच्या आत करायचे असते. ती मुदत हातची जाऊ देऊ नका. नकार देताना कारणे, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचे नाव-पत्ता कळवणे कलम ७(८) प्रमाणे बंधनकारक आहे. आपल्या पत्रात ते नसेल तर अपिलातील पहिला मुद्दा तोच करा.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण कोणीतरी ग्राहक मंचात जाण्याचा सल्ला देईलच. जे रुग्णालय सर्वांनाच मोफत सेवा देते त्याच्याविरुद्ध ग्राहक तक्रार चालत नाही, आणि नोंदणीसाठी घेतलेल्या किरकोळ रकमेने त्यात फरक पडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ठरवले आहे. सरकारी रुग्णालयाला उत्तरदायी धरण्यासाठी कागदच मिळवावे लागतात, ते यामुळे.

जुना रेकॉर्डवाला

मी गुजरातेत वैद्यकीय अभिलेख विभागात नोकरी केली व आता निवृत्त आहे, म्हणून कायद्याचे बाजूला ठेवून खोलीच्या आतले सांगतो.

रेकॉर्ड रूममध्ये नावाने शोध लागत नाही. गठ्ठे महिन्याप्रमाणे बांधलेले असतात आणि त्यात केस शोधतात ती इनडोअर क्रमांकाने. अर्जात तो क्रमांक, भरती झाल्याची तारीख व वॉर्ड लिहिला नसेल तर ‘रेकॉर्ड मिळून येत नाही’ हे उत्तर खोटे न बोलताही देता येते. मृत्यूच्या केसेस बहुतेक ठिकाणी वेगळ्या ठेवतात, आणि पोलिसांत नोंद झालेली केस असेल तर तीही निराळी.

दुसरे म्हणजे ‘संपूर्ण केसपेपर’ असे लिहिले की पुष्कळदा पहिले पान, हिस्टरी शीट आणि तपासण्यांचे रिपोर्ट एवढ्यावर भागवतात. आपल्याला हवी असलेली वेळ तेथे नसेल. डॉक्टरांच्या नोंदीत ‘इंट्यूबेट करून व्हेंटिलेटरवर घेतले’ अशी एक ओळ असते. पण किती वाजता काय झाले ते नर्सिंग नोट्समध्ये, नाडी-रक्तदाबाच्या तासागणिक तक्त्यात आणि औषधांच्या चार्टवर सापडते. केसच्या बाहेर वॉर्डात सिस्टरांचे रिपोर्ट बुक असते. रात्रपाळी संपताना कोणते यंत्र चालू, कोणते बंद, काय मागवले, हे त्यात पुढच्या पाळीसाठी लिहिलेले असते. त्यात इतर रुग्णांची नावे असल्यामुळे त्याची प्रत सहज मिळणार नाही; परंतु नावे झाकून त्या एका रात्रीच्या पानाचा उतारा मागता येतो.

यंत्रांविषयी ‘किती काळ बंद होती’ असे विचारू नका. तसा तक्ता कोणी करून ठेवलेला नसतो, आणि नसलेली माहिती तयार करून देण्याचे बंधन माहिती अधिकाऱ्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालापासून हे वाक्य प्रत्येक कचेरीत पाठ आहे. त्याऐवजी वहीचे नाव घ्या: विभागाच्या यंत्रसामग्रीचे डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ वस्तूंची नोंदवही), प्रत्येक व्हेंटिलेटरचे लॉगबुक, दुरुस्तीसाठी केलेल्या तक्रारींची नोंद, वार्षिक देखभाल कराराची प्रत आणि कंत्राटदाराच्या माणसाने भेट दिल्यावर सही केलेले सर्व्हिस रिपोर्ट. हे सगळे अस्तित्वात असलेच पाहिजे, कारण त्याशिवाय कंत्राटदाराचे बिल मंजूर होत नाही. बिलामागचा कागद सहसा हरवत नाही, हा माझा अनुभव आहे.

आकडेवारीची विद्यार्थिनी

मृत्यूंच्या आकड्यांविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण गुजरातचा एक अनुभव येथे थेट उपयोगी पडतो.

कोविडच्या काळात राज्यात मृत्यूंचे कारण ठरवण्यासाठी डेथ ऑडिट समित्या होत्या. मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला, म्हणजे नमुना ४, दोन भागांत असतो: पहिल्या भागात तात्कालिक कारणापासून मूळ कारणापर्यंतची साखळी, आणि दुसऱ्यात त्या साखळीबाहेरचे इतर आजार. मधुमेह वा हृदयविकार असलेला रुग्ण कोविडने गेला तर कोविड हेच मूळ कारण लिहावे, सहव्याधी मूळ कारण म्हणून लिहू नये, अशा आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, सूचना होत्या. प्रत्यक्षात सहव्याधीकडे बोट दाखवून मृत्यू कोविडच्या यादीबाहेर ठेवले जात असल्याच्या तक्रारी त्या काळात सतत होत होत्या.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०२१ च्या आदेशाने मृतांच्या कुटुंबीयांना ५०,००० रुपयांच्या सानुग्रह साहाय्याला मान्यता दिली, आणि दाखल्यावर कोविड लिहिलेले नाही एवढ्याच कारणाने ते नाकारू नये असे बजावले. गुजरात सरकारने या कामासाठी छाननी समिती नेमली, तेव्हा त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने त्यावर कडक शब्दांत नाराजी व्यक्त केली. जानेवारी २०२२ मध्ये राज्याने न्यायालयापुढे ठेवलेले आकडे असे होते: अधिकृत कोविड मृत्यू १०,०९४, आलेले दावे ८९,६३३ आणि मंजूर झालेले दावे ६८,३७०. यातील काही फरक व्याख्येचा आहे, कारण चाचणी सकारात्मक आल्यापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू साहाय्यासाठी ग्राह्य होता. तरीही एकाच सरकारने एकाच साथीचे दोन आकडे मान्य केले आणि दुसरा पहिल्याच्या सहापटींहून अधिक निघाला, हे केवळ व्याख्येवर ढकलता येईल असे मला वाटत नाही.

येथे लक्षात घेण्यासारखे हे की दुसरा आकडा कोणत्याही सांख्यिकी विभागाने शोधून काढलेला नाही. एकेका कुटुंबाने चाचणीचा रिपोर्ट आणि केसपेपर जोडून अर्ज केले व त्यांची बेरीज झाली. म्हणून वकीलसाहेबांनी म्हटल्याप्रमाणे दोन अर्ज वेगळे करा, पण केसपेपर हा खासगी प्रश्न आणि आकडे हा सार्वजनिक प्रश्न, असे मात्र समजू नका. आकडा तपासायचा तर तो ज्या कागदांपासून बनला ते कोणाच्या तरी हातात असावे लागतात.

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर अंशतः होकारार्थी आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या कामाची ठरावीक माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायची असते; वॉर्डनिहाय मृत्यू किंवा बंद यंत्रे द्या असे मात्र त्यात नावाने लिहिलेले नाही. केंद्राच्या आरोग्य व्यवस्थापन माहिती प्रणालीत, म्हणजे एचएमआयएसमध्ये, २००८ पासून आरोग्यसंस्थांची मासिक आकडेवारी जमा होते, पण तिच्या जाहीर अहवालांत जिल्ह्याची बेरीज दिसते आणि त्या बेरजेत एखादा वॉर्ड विरघळून जातो. आपल्या रुग्णालयाने दरमहा भरलेल्या अहवालाची प्रत मात्र मागता येते. ती आधीच तयार असल्यामुळे ‘या नमुन्यात उपलब्ध नाही’ ही सबब तेथे चालत नाही.

एक सूचना. वये व कारणे मागू नका. एका विभागातील एका महिन्याचे मृत्यू थोडे असतात; त्यांत वय आणि आजार जोडला की शेजारीपाजारीही माणूस ओळखू शकतात, आणि मग वैयक्तिक माहितीचा आक्षेप खरोखरच रास्त ठरतो. नुसती मासिक संख्या ही कोणाचीही वैयक्तिक माहिती नसते.

वाडीकर, बडोदा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आईच्या नावाचा अर्ज आणि पहिले अपील मी वेगवेगळे लिहायला घेतले आहे. दोन शंका उरतात. आम्हाला मृत्यूचा दाखला महापालिकेकडून मिळाला, पण वर उल्लेख झालेला नमुना ४ कधी दिला गेला नाही. तो आम्हाला मिळायला हवा होता का? आणि भरतीच्या वेळी वडिलांचा आभा, म्हणजे डिजिटल आरोग्य खात्याचा, क्रमांक काढून घेतला होता. त्यावरून ही कागदपत्रे घरबसल्या दिसू शकतील का?

रावपुऱ्यातील वकील

जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ मध्ये झालेली दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. तीप्रमाणे रुग्णालयात झालेल्या मृत्यूच्या कारणाचे प्रमाणपत्र निबंधकाकडे विनामूल्य पाठवायचे असते आणि त्याची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यायची असते. म्हणजे ही प्रत आईला मागणी न करताच मिळायला हवी होती. अधीक्षकांच्या अर्जात हे वेगळ्या परिच्छेदात लिहा. महापालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण छापलेले नसते, त्यामुळे नमुना ४ ची जागा तो घेऊ शकत नाही.

जुना रेकॉर्डवाला

आभाविषयी: हा चौदा आकडी क्रमांक म्हणजे ओळख आहे, कपाट नव्हे. कागद रुग्णालयापाशीच राहतात, आणि रुग्णालयाने ते संगणकावर चढवून त्या क्रमांकाशी जोडले असतील तरच ॲपमध्ये दिसतात. हाताने लिहिलेल्या नर्सिंग नोट्स तेथे दिसतील अशी अपेक्षा ठेवू नका. एखादा डिस्चार्ज किंवा लॅबचा रिपोर्ट मिळाला तर तो जपून ठेवा, म्हणजे प्रत्यक्ष केसशी तारखा पडताळता येतील.

प्रत मिळण्याआधी शक्य असल्यास मूळ केसची पाहणी मागा. माहिती अधिकारात अभिलेख पाहण्याचा, टिपणे काढण्याचा हक्क आहे. पाहायला जाल तेव्हा पानांवर क्रमांक घातलेले आहेत का ते आधी बघा. नसतील तर तुमच्यासमोर घालून द्यायची विनंती करा, एकूण पाने किती ते लिहून घ्या, आणि प्रमाणित प्रतीच्या शेवटच्या पानावर ‘पृष्ठे एक ते अमुक’ असा शेरा सही-शिक्क्यासह मागा. हे काम सकाळी अकराच्या आत गेलात तर होते. दुपारी रेकॉर्ड रूममध्ये एकच माणूस असतो आणि तोही पोलिसांनी मागवलेल्या केसेस शोधत असतो.